टर्बो हॅचबॅक दहा-बारा वर्षं सांभाळायची? आधी टायर-ब्रेक, रीमॅप सगळ्यात शेवटी

ओळखीतल्या एका पोराने सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो घेतली, २०२० ची, वन पॉइंट झिरो टीएसआय म्हणजे एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअरची. महिनाभरात दाखवायला आला. रीमॅप केलेलं (म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं), बॉनेटखाली उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, मागे ढुर्रर्र वाजणारा सायलेन्सर. खाली वाकून टायर बघितले तर चारही टायर गाडीसोबत शोरूममधून आलेले, नख दाबलं तर दबत नव्हतं इतके कडक. ब्रेक ऑइल कधी बदललंस विचारलं तर म्हणतो, "दादा, ते पण बदलतात का?"

हे एकट्याचं नाही, दर दोन-तीन महिन्यांनी असा एक जण भेटतो. पैसे सगळेच खर्च करतात, क्रम चुकतो. म्हणून इथे क्रमच लिहितोय. उदाहरण पोलोचं घेतलंय कारण ती मला आतून माहिती आहे आणि २०२२ मध्ये ती चाकणला बनायची बंद झाली, त्यामुळे ज्यांच्याकडे आहे त्यांना ती टिकवायचीच आहे. पण आय-ट्वेंटी एन लाइन, अल्ट्रोझची टर्बो, जुनी बलेनो आरएस, कुठलीही छोटी टर्बो पेट्रोल असू दे, नव्वद टक्के गोष्टी त्याच. स्विफ्टवाल्यांनी टर्बोचं तेवढं सोडून बाकी वाचा.

## तयारी: पाना हातात घ्यायच्या आधी

पहिला महिना गाडीला काहीही लावायचं नाही. सीट कव्हर घाला, देवाचा फोटो लावा, बाकी काही नाही. स्टॉक, म्हणजे कंपनीने दिली तशीच गाडी कशी चालते, कशी थांबते, थंडीत सुरू होताना कसा आवाज करते हे अंगात मुरलं नाही तर पुढे बिघाड झालेला कळणारच नाही.

सामान फार लागत नाही:

- एक वही. मोबाइलमधलं अ‍ॅप नको, वहीच, कारण ती ग्लोव्ह बॉक्समध्ये राहते आणि गॅरेजवाल्यासमोर उघडता येते. तारीख, किलोमीटर, काय बदललं, पार्ट नंबर, किती पैसे.
- ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारा. स्टेअरिंगखाली सॉकेट असतं, त्यात लागतो.
- स्वतःचं टायर प्रेशर गेज. पंपावरच्या मशीनवर विश्वास ठेवू नका, दोन पंपांवर दोन आकडे दाखवतात.
- टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना. महाग वाटतो, पण पुढे टप्पा ३ मध्ये कळेल का म्हणतोय ते.
- गाडीसोबत आलेलं मॅन्युअल. हरवलं असेल तर त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनचं मिळवा.

आणि पैसे. सेकंडहँड घेत असाल तर किमतीच्या दहा ते पंधरा टक्के पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवायचे. हा माझा हिशोब आहे, कुठे छापलेला नियम नाही, पण आजवर मला तो कमी पडलेला नाही.

## टप्पा १: गाडी आत्ता कुठे उभी आहे ते बघा

नवी घेतली असेल तर हा टप्पा अर्ध्या तासाचा, जुनी असेल तर एक अख्खा रविवार द्या.

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी थंड इंजिनवर सुरू करा. विकणारा आधीच गाडी गरम करून ठेवत असेल तर तिथेच कान टवकारायचे. तीन सिलिंडरचं इंजिन आहे, आयडलला हलकी थरथर असणारच, त्याला घाबरू नका. टकटक, शिट्टीसारखा आवाज, निळसर धूर, हे मात्र वहीत लिहायचं.

मग स्कॅनर लावून जे एरर कोड दिसतील ते सगळे उतरवून घ्या. पुसू नका! बहुतेक जण कोड दिसला की लगेच डिलीट मारतात आणि खूश होतात. दिवा विझला, बिघाड तिथेच. उलट स्कॅन पूर्ण कोरा आला आणि सोबत स्कॅनर "तपासण्या पूर्ण झालेल्या नाहीत" असं दाखवत असेल तर कुणीतरी कालच पुसलंय असं समजा.

लिफ्टवर चढवून खालून बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओल, ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटांना भेगा, शॉकअप्सवर तेलाचा ओघळ, आणि दाराखालच्या पट्टीवर जॅक चुकीच्या जागी लावल्याने आलेले पोचे. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडची गाडी असेल तर जिथे पत्रे जोडलेत तिथे गंज खास बघायचा, खारी हवा वरून दिसत नाही, खालून खाते.

तपासा: टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. "२३२०" म्हणजे २०२० चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही शिल्लक असू दे, तो टायर संपलाय.

## टप्पा २: सगळी तेलं आणि पाणी नव्याने

आधीच्या मालकाने "सगळं वेळेवर केलंय हो" म्हटलं आणि बिल नसेल तर ते केलेलं नाही असं धरून चालायचं. एकदाच सगळं बदला, वहीत तो दिवस शून्य म्हणून लिहा, पुढचं सगळं तिथून मोजायचं.

इंजिन ऑइल. इथे सगळ्यात जास्त गोंधळ. लोक विचारतात "फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी टाकू का फोर्टी?" पण तो फक्त जाडपणाचा आकडा झाला. फोक्सवॅगन, स्कोडामध्ये ऑइलचा स्वतःचा स्पेसिफिकेशन नंबर असतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेला, तोच नंबर डब्याच्या मागे असला पाहिजे. समोर मोठ्या अक्षरात "फुल्ली सिंथेटिक" लिहिलेलं असतं ते वाचून काही उपयोग नाही.

कंपनीचा सर्व्हिस इंटरव्हल १५,००० किमी किंवा एक वर्ष. मी ७,५०० ला बदलतो. पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास रांगणाऱ्या गाडीचं १५,००० आणि कोल्हापूर-बेंगळुरू हायवेवर पळणाऱ्या गाडीचं १५,००० हे एक नाही, मीटर किलोमीटर मोजतं, इंजिन तास मोजतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखापेक्षा जास्त वेळा फिरतो आणि तो नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, तिथे दोन हजार रुपये वाचवायला जाऊ नका.

सावधान: ऑइल कमी असणं वाईट तसं जास्त असणंही वाईट. पूर्वीच्या एका गाडीत गॅरेजवाल्याने उरलेलं पाऊण लिटर "वाया कशाला घालवायचं" म्हणून आत ओतलं होतं, आणि मी न बघता घरी आलो. तेव्हापासून गॅरेजच्या गेटमधून बाहेर पडायच्या आधी सपाट जागी उभं राहून, पाच मिनिटं थांबून, डिपस्टिक मी स्वतः बघतो. गॅरेजवाले तोंड वाकडं करतात. करू देत.

ब्रेक ऑइल. हवेतली ओल शोषून घेतं, मग त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि घाट उतरताना पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी चालली असली तरी.

कुलंट. रंग बघून कुलंट टाकू नका. गुलाबी म्हणजे गुलाबी असं नसतं, डब्यावरचा स्पेक जुळला पाहिजे. दोन वेगळ्या प्रकारचे मिसळले तर आत गाळ होऊ शकतो. लेव्हल कमी झाली तर डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी अजिबात नाही. आणि लेव्हल वारंवार कमी होत असेल तर ओतत बसू नका, गळती शोधा.

टायमिंग बेल्ट. या इंजिनला चेन नाही, बेल्ट आहे. कितीतरी जणांना हे माहितीच नसतं. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात, मग इंजिनचं काम गाडीच्या निम्म्या किमतीचं. सर्व्हिस बुकात दिलेल्या अंतराला किंवा वयाला, जे आधी येईल तेव्हा, बेल्ट बदलायचा. जुन्या गाडीत बिल नसेल तर आत्ताच झाकण उघडून बघायला लावा.

स्पार्क प्लग, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर हे यासोबतच उरकून टाका.

तपासा: हे झाल्यावर ५०० किमी चालवा, पुन्हा स्कॅन करा, पुन्हा खालून बघा. आता जो कोड परत आला तो खरा बिघाड. त्याच्या मागे लागा.

## टप्पा ३: टायर, ब्रेक, व्हील

स्पोर्टी गाडी म्हणजे काय हो, शेवटी रस्त्याला चिकटलेले चार तळव्याएवढे रबराचे तुकडे. ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क छोट्या गाडीला भरपूर होतो, रस्त्यावर तो पोचवायचं काम टायरचं. म्हणून नवीन पैसा पहिल्यांदा इथे.

१.० टीएसआय पोलोत दोन साइज यायचे, १८५/६० आर १५ आणि वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६. दिसायला सोळा इंची भारी, पण एक गणित करा. १९५/५५ मध्ये टायरच्या भिंतीची उंची म्हणजे १९५ चे ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. तेच १९५/६० आर १५ घेतला तर ११७ मिलिमीटर. एक सेंटिमीटर जास्त रबर. एकूण व्यास ६२१ चा ६१५ होतो, म्हणजे टक्काभरसुद्धा फरक नाही, स्पीडोमीटर जवळपास तसाच. फक्त तो साइज कंपनीच्या यादीत नाही, म्हणून बदलायच्या आधी टप्पा ७ वाचा आणि इन्शुरन्सला कळवा. पंधराचे व्हील ब्रेक कॅलिपरला घासत नाहीत ना हे आधी लावून, हाताने फिरवून बघायचं.

उलट सतरा इंची अलॉय लावून भिंत आणखी बारीक करणं हे आपल्याकडच्या रस्त्यांवर मला तरी पटत नाही. मी एकदा हौस केली होती. जुलैत कुंभार्ली घाटात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, रिम वाकलं, टायरला कडेला फुगा आला, आणि पोफळीला पंक्चरवाल्या काकांनी रिम हातात फिरवून बघितलं आणि नुसते हसले. काही बोलले नाहीत. पुढे चिपळूणपर्यंत स्टेपनीवर, ताशी चाळीसने.

टायर घेताना:

- चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावा. गाडी पुढच्या चाकांनी ओढते म्हणून लोक पुढे लावतात, पण ओल्या वळणावर मागचं टोक निसटलं तर सावरणं जास्त अवघड.
- कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते. पावसाळ्याला ती पुरत नाही, मी ३ मिलिमीटरला बदलतो.
- प्रेशर थंड टायरवर. आकडा दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. "सगळीकडे पस्तीस मारतो" म्हणणाऱ्याला थांबवा.

सावधान: टायरवाले हवेच्या गनने व्हील बोल्ट आवळतात, खर्रर्र करून, मनाला येईल तेवढं. या गाडीला नट नाही, बोल्ट असतात, थ्रेड हबमध्ये. जास्त आवळला तर थ्रेड जातो किंवा डिस्कवर ताण येऊन ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरतं. पोलोचा आकडा १२० न्यूटन मीटर. त्यांना सांगायचं, "हाताने लावा, शेवटचं मी आवळतो", आणि डिकीतून टॉर्क रेंच काढायचा. ५० किमीनंतर एकदा परत तपासा.

ब्रेकमध्ये हौस करू नका. चांगले पॅड, सपाट डिस्क, ताजं ऑइल आणि स्वच्छ, ग्रीस केलेल्या स्लायडर पिना, एवढ्यात कुठलाही घाट उतरतो. पॅड बदलताना पिना साफ करायला लावा, नव्वद टक्के ठिकाणी कुणी त्यांना हात लावत नाही, मग एका बाजूचं पॅड संपतं आणि दुसरं नवंकोरं राहतं.

## टप्पा ४: सस्पेन्शन आणि बुश

साठ-सत्तर हजार किमीला खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबर), स्टॅबिलायझरच्या लिंक, स्ट्रटचे वरचे माउंट बोलायला लागतात. आवाज स्पीड ब्रेकरवर येतो का खड्ड्यात, स्टेअरिंग वळवताना येतो का सरळ जाताना, हे नीट ऐकून मेकॅनिकला सांगा. "खालून आवाज येतो" एवढंच सांगितलं तर तो सगळंच बदलेल.

क्रम असा: आधी बुश आणि लिंक, मग शॉकअप्स जोडीने, सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. बरेच जण अलाइनमेंट आधी करतात आणि मग बुश बदलतात, म्हणजे ते पैसे पाण्यात. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, लिफ्टवर लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. हे मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा, राग येईल त्याला, पण सांगा.

लोअरिंग स्प्रिंग, गाडी खाली बसवायला? नको. १६५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे, आपल्या सोसायटीतलेच स्पीड ब्रेकर त्याला पुरेसे आहेत.

## टप्पा ५: चालवायची सवय

इथे खर्च शून्य आणि फायदा सगळ्यात जास्त, म्हणून कुणी करत नाही.

सकाळी सुरू केल्यावर दहा मिनिटं जागेवर गाडी तापवायची गरज नाही. अर्धा मिनिट, मग निघा, पण पहिले चार-पाच किमी आरामात, अडीच हजार आरपीएमच्या खाली. काट्याने कुलंट गरम झाल्याचं दाखवलं तरी ऑइल त्याच्या मागे असतं, ते आणखी काही मिनिटं घेतं.

दुसरी सवय, आणि ही मोठमोठे ड्रायव्हर चुकतात. मायलेजच्या नादात पाचव्या-सहाव्या गिअरवर ताशी चाळीसने जायचं आणि समोर चढ आला की तिथूनच अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. कमी आरपीएमला पूर्ण बूस्ट (टर्बोने दाबून आत दिलेली हवा) मागितला की डायरेक्ट इंजेक्शनवाल्या टर्बो इंजिनात लो स्पीड प्री-इग्निशन होऊ शकतं, म्हणजे ठिणगीच्या आधीच आत पेट्रोल पेटतं आणि पिस्टनवर हातोडा पडतो. एक गिअर खाली या, दोन हजाराच्या वर घ्या, मग दाबा. इंजिन रेव्ह केल्याने मरत नाही, रडवल्याने मरतं.

घाट चढून वर चहाच्या टपरीवर थांबलात तर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर आयडलला ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे शेवटचे एक-दोन किमी सावकाश या, मग थांबायचीही गरज नाही. आणि घाट उतरताना गिअरवर उतरा, ब्रेकवर पाय ठेवून ताम्हिणी उतरणाऱ्यांच्या मागे जळका वास येतो तो उगाच नाही.

जुनी पोलो जीटी टीएसआय असेल, ड्राय क्लचवाल्या सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, तर ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकू नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग हला. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा.

## टप्पा ६: पेट्रोल, कार्बन, पावसाळा, उंदीर

आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेल्या बहुतेक गाड्या ई-१०, म्हणजे दहा टक्के धरून केलेल्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घसरणार, त्यात गाडीचा दोष शोधत बसू नका. काळजी दोन गोष्टींची. एक, दर सर्व्हिसला इंधनाचे रबरी पाइप आणि जोड बघायला लावा. दोन, इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून परदेशी किंवा गावी जाणार असाल आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी निम्मी रिकामी सोडू नका. परत आल्यावर ती टाकी चालवून संपवा, मग ताजं भरा.

कार्बनचं थोडं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. त्यामुळे टाकीत ओतायच्या त्या छोट्या बाटल्यांनी इनटेक व्हॉल्व्ह साफ होत नाहीत, होऊच शकत नाहीत. काजळी खरंच साठली असेल तर मॅनिफोल्ड (इंजिनला हवा पोचवणारा पाइपांचा भाग) काढून साफ करावं लागतं. आठवड्यातून एकदा गरम इंजिनवर हायवेला अर्धा तास मोकळी चालवा, डबक्यात ठेवलेल्या गाडीपेक्षा ती नक्की बरी राहते.

पावसाळ्याआधी वायपरखालची जाळी साफ करा. पिंपळाची, गुलमोहराची पानं तिथे कुजतात, पाण्याच्या वाटा तुंबतात आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, तीही टूथपिकने मोकळी करा.

सावधान: साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकला, टो करा, काहीही करा.

उंदरांवर खरं तर वेगळा लेख लिहावा लागेल. वायरिंग खाल्लं की स्कॅनरवर भलतेच कोड येतात आणि मेकॅनिक सेन्सर बदलत बसतो. तंबाखू, डांबर गोळ्या, स्प्रे, सगळं करून बघितलं, आठवडाभर चालतं. खालून बारीक लोखंडी जाळी आणि गाडी एकाच जागी चार दिवस उभी न ठेवणं, एवढं दोनच मला उपयोगी पडलंय. गाडीत खाऊ नका हे पोरांना सांगून बघा, ऐकलं तर ऐकलं.

## टप्पा ७: आता मॉडिफिकेशनचा विचार

सहा टप्पे पूर्ण झाले, वर्षभर वही भरली, एकही न समजलेला कोड उरला नाही, तर आणि तरच.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत आणि कंपनीच्या मूळ तपशिलात जे आहे त्यापासून गाडी बदलायची नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलंय. मोठा आवाज करणारा सायलेन्सर तर चौकातला हवालदार दुरून ओळखतो. रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून चालतं असं लोक समजतात, पण वॉरंटी असेल तर ती जाते आणि इन्शुरन्सला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अंगावर येतो.

यांत्रिक बाजू अशी की रीमॅपने टॉर्क वाढला की तो पहिला क्लचवर येतो. नव्वद हजार चाललेला क्लच वरच्या गिअरमध्ये घसरायला लागतो, मग क्लच बदला, मग ब्रेक कमी वाटतात, मग ते बदला. ही साखळी सुरू झाली की थांबत नाही. मी स्वतः केलेलं नाही. करायचंच असेल तर मूळ फाइलची प्रत ताब्यात घेतल्याशिवाय आणि प्लग, कॉइल, कुलिंग ठणठणीत असल्याशिवाय करू नका.

एलईडी, हॉर्न, डॅशकॅम लावताना वायर कापून टेप गुंडाळणाऱ्याला हात लावू देऊ नका. कपलर आणि रिले, नाहीतर नको. इलेक्ट्रिकलचा भुताटकीवाला बिघाड शोधण्यात जेवढे दिवस जातात तेवढे इंजिन उघडण्यातही जात नाहीत.

## टप्पा ८: पार्ट आणि कागद

गाडी बंद झाली म्हणून इंजिनचे पार्ट लगेच गायब होत नाहीत. पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड एकाच सांगाड्यावरच्या, सस्पेन्शन-ब्रेकचं बरंच सामान तेच. १.० टीएसआय इंजिनाचं भावंड पुढे टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हियातही आहे, पण म्हणून सगळं जुळतं असं गृहीत धरू नका. नावाने मागू नका, पार्ट नंबरने मागा, म्हणून तर वहीत लिहायला सांगितलं. खरी अडचण पुढे बॉडीची होणार आहे: हेडलाइट, बंपर, आरसे, दारांचे बीडिंग. कुणाची स्क्रॅप होणारी चांगली पोलो दिसली तर हेडलाइटची जोडी उचलून ठेवा, बायको ओरडेल, माळ्यावर जागा करा.

इन्शुरन्समध्ये चार ते पाच वर्षांच्या गाडीचा घसारा ५० टक्के धरतात, पाच वर्षांपुढे किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. इथे स्वस्त प्रीमियमच्या मोहात किंमत कमी लिहून घेऊ नका. झीरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, जोवर देतायत तोवर घ्या, आणि पुणे-मुंबई-कोल्हापूरकडच्यांनी इंजिनमध्ये पाणी जाण्याचं कव्हर घ्याच, साध्या पॉलिसीत ते नसतं. नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल तर चार-पाच हजारांच्या डेंटसाठी क्लेम करायच्या आधी कागदावर हिशोब करा.

नोंदणी १५ वर्षांची. २०१० च्या पहिल्या पोलो २०२५ मध्ये तिथे पोचल्या, म्हणजे हा प्रश्न आता खरा आहे. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो, गाडी तपासून पुढची पाच वर्षं मिळतात. एप्रिल २०२२ पासून खासगी कारची नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. त्याआधी बघून घ्या: पीयूसी चालू, इन्शुरन्स चालू, जुने चलन भरलेले, कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलेला, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली. बोजा उतरवायचा राहिला म्हणून आरटीओतून परत आलेले मला दोघं माहितीयत. बँकेची एनओसी घरात होती, तिची मुदत संपलेली.

तपासणीला जाताना तो ढुर्रर्र सायलेन्सर काढून मूळचा लावायचा असतो. फेकून दिला असेल तर आत्तापासून शोधायला लागा.